तापल्या तेलाची गाडी

दर वर्षी १० ऑगस्टला आपल्याकडे जैवइंधन दिन साजरा होतो. मंत्र्यांची भाषणं होतात, जाहिराती येतात, आणि त्यांत एक वाक्य हमखास असतं: १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेल यांनी शेंगदाणा तेलावर इंजिन चालवून दाखवलं. तारीख खरी आहे, शेंगदाणे खोटे. त्या दिवशी ऑग्सबर्गच्या कारखान्यात डिझेल यांच्या पहिल्या नमुना-इंजिनात इंधन सोडलं गेलं, सिलिंडरात भडका उडाला आणि दाब मोजायचं उपकरण फुटलं. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलं नाही, ते फिरायला पुढचं वर्ष उजाडलं. शेंगदाण्याचा तिथे मागमूसही नव्हता.

शेंगदाणा आला सात वर्षांनी, आणि तोही पॅरिसला. १९००च्या जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीनं एक लहानसं डिझेल इंजिन मांडलं होतं. फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून ते भुईमुगाच्या तेलावर चालवलं गेलं. सरकारचा हिशेब वसाहतींचा होता. आफ्रिकेत भुईमूग उदंड पिकतो, कोळसा आणि खनिज तेल मात्र बोटीनं न्यावं लागतं; तिथलं पीकच तिथल्या यंत्रांना पाजता आलं तर वाहतुकीचा खर्च वाचेल. हे सगळं डिझेल यांनी स्वतःच १९१२ साली लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांपुढच्या व्याख्यानात सांगितलं आहे. प्रदर्शनातलं इंजिन इतकं सुरळीत चाललं की आत वेगळं तेल आहे हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं, असंही त्यांनी नोंदवलं. सेंट पीटर्सबर्गला एरंडेलावर झालेल्या प्रयोगांचाही उल्लेख त्या व्याख्यानात आहे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१३ मध्ये, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसे झाले. त्यानंतर त्यांच्या नावावर शेंगदाण्याच्या गोष्टी रचायला सगळेच मोकळे झाले.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. पॅरिसच्या त्या इंजिनात शेंगदाणा तेल जसंच्या तसं चाललं; त्यासाठी इंजिनात कोणताही बदल केलेला नव्हता. मग नव्वद-शंभर वर्षांनी जुन्या मर्सिडीजमध्ये तेच तेल घालणाऱ्यांना दुसरी टाकी, तांब्याच्या नळ्या, व्हॉल्व्ह, हीटर असा सगळा संसार का मांडावा लागला? तेल तर तेच होतं. बदललं होतं इंजिन.

अडचण एकच आहे, तेलाचा दाटपणा. ४० अंश सेल्सियसला बाजारातल्या डिझेलची श्यानता दोन ते साडेचार सेंटिस्टोक असते. त्याच तापमानाला भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल, मोहरीच्या जातीचं रेपसीड अशी तेलं तीस ते चाळीसच्या घरात असतात, म्हणजे जवळजवळ दसपट दाट. थंडीत हा फरक आणखी वाढतो. डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण बाटली तापवली की काम सरतं. इंजिनात तेच तेल सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांतून फवारून, क्षणाच्या एका तुकड्यात हवेत मिसळून जळावं लागतं. फवारा जाड पडला तर थेंब पुरते जळत नाहीत. न जळलेलं तेल नोझलच्या तोंडाशी कार्बन धरतं, पिस्टनच्या रिंगा चिकटवतं आणि भिंतीवरून ओघळून खालच्या वंगणात उतरतं.

डिझेल यांच्या मूळ इंजिनात हा प्रश्न फारसा आलाच नाही, कारण त्यात इंधन सिलिंडरात ढकलायला वेगळ्या कॉम्प्रेसरची दाबलेली हवा वापरत. ही जोरकस हवा दाट तेलाच्याही चिंध्या करून टाके. पण तो कॉम्प्रेसर अवजड, महाग आणि सारखा बिघडणारा. कारखान्यात, जहाजावर तो चालून जाई. मोटारीत त्याला जागा नव्हती.

डिझेलच्याही थोडं आधी एका इंग्रजानं दाट तेलावर निराळा तोडगा काढला होता. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९०च्या सुमारास तप्त गोळ्याच्या इंजिनाचं पेटंट घेतलं आणि हॉर्न्सबी कंपनी ती इंजिनं बनवू लागली. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडी गोळा. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोलँपनं, म्हणजे पंप मारून पेटवायच्या मोठ्या रॉकेलच्या दिव्यानं, तो गोळा दहा-पंधरा मिनिटं तापवायचा. तो लालसर झाला की चाक फिरवायचं. त्या तापल्या गोळ्यावर तेल पडलं की त्याची वाफ होई आणि ते पेटे. पुढे जळणाच्याच उष्णतेनं गोळा तापलेला राही. दाब कमी, वेग कमी, ताकद माफक. पण या इंजिनाला खाण्याची खोड नव्हती. रॉकेल, कच्चं तेल, वनस्पती तेल, जे मिळेल ते ते पचवी. जर्मनीतल्या लांत्स कंपनीनं १९२१ पासून याच तत्त्वावर 'बुलडॉग' ट्रॅक्टर काढले. त्यांचं स्टिअरिंग काढून बाजूच्या जड चाकात घालायचं आणि त्यानं इंजिन फिरवून सुरू करायचं, अशी सोय होती. युरोपातल्या ट्रॅक्टर-जत्रांतून आजही हौशी मंडळी ब्लोलँप पेटवून हा खेळ करून दाखवतात.

तेल तापवायचं की तेल जिथे पडतं ती जागा तापवायची, हा फरक इथून ध्यानात ठेवायचा. अॅक्रॉइड स्टुअर्टनं जागा तापवली. पुढच्यांनी तेल तापवलं. दोन्हींचा धागा पुढे एका गाडीत येऊन मिळतो.

१९२०च्या दशकात रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्टच्या कारखान्यानं इंधन-पंपाचं काम हाती घेतलं आणि १९२७ साली त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. दाबलेल्या हवेची गरज संपली. पोलादी दांडी पोलादी नळकांड्यात इतकी चपखल बसवलेली की मध्ये जेमतेम पातळ तेलाचा थर मावेल. तीच इंधन दाबून नोझलकडे ढकलते आणि त्याच इंधनाचं तिला वंगण मिळतं. या पंपामुळे डिझेल इंजिन लहान झालं. १९३६ साली मर्सिडीजची २६० डी ही मोटार बाजारात आली. पण पंप जितका नेमका, तितका तो इंधनाच्या बाबतीत चोखंदळ. त्याचं माप खनिज डिझेलच्या अंगानं घेतलेलं होतं. त्या दिवसापासून खाद्यतेल इंजिनाला परकं झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण पॅरिसच्या प्रदर्शनापेक्षा बॉशच्या पंपापाशी आहे. फक्त त्याची जयंती कोणी साजरी करत नाही.

तेल बदलून पाहण्याचा मार्गही लवकरच निघाला. ब्रुसेल्स विद्यापीठातले शावान यांनी ऑगस्ट १९३७ मध्ये एक पेटंट घेतलं: पाम तेलाची अल्कोहोलशी रासायनिक क्रिया घडवून त्याचे जड रेणू फोडायचे आणि हलकं, पातळ इंधन मिळवायचं. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन लांब शेपट्या असतात. त्या सुट्या केल्या की दाटपणा चार-पाच सेंटिस्टोकवर येतो. १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लुव्हाँ या मार्गावर अशा इंधनावर बस धावली. पाम तेल बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोतून येत होतं, म्हणजे पुन्हा वसाहतीचाच हिशेब. आज ज्याला आपण बायोडिझेल म्हणतो ते हेच.

दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई पडली आणि सगळीकडेच गळिताच्या धान्याकडे नजरा वळल्या. चीनमध्ये टुंग तेलापासून इंधन बनवलं गेलं. भारतातल्या संशोधकांनीही इथली तेलं डिझेल इंजिनात वापरून पाहिली आणि १९४२ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. लढाई संपली, आखाती तेल स्वस्तात वाहू लागलं आणि ही सगळी टिपणं कपाटात गेली.

तापवण्याची खरी तालीम मात्र शेतात झाली नाही की प्रयोगशाळेत झाली नाही. ती समुद्रावर झाली. जहाजांची डिझेल इंजिनं स्वच्छ, महाग तेलावर चालत. तेल शुद्धीकरणानंतर तळाशी उरणारा डांबरासारखा गाळ फार स्वस्त, पण तो फक्त बॉयलरखाली जाळायच्या लायकीचा मानला जाई. शेल समूहातल्या अँग्लो-सॅक्सन पेट्रोलियम कंपनीचे अभियंते जॉन लँब यांनी १९४६ साली सेवेत आलेल्या 'ऑरिक्युला' या टँकरवर हाच गाळ मुख्य इंजिनात जाळून दाखवला. आधी तेल तापवायचं, मग भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या सेपरेटरमधून पाणी आणि कचरा काढायचा, पुन्हा तापवायचं आणि मगच पंपाकडे सोडायचं. जहाज बंदरात शिरताना आणि निघताना साधं डिझेल, खुल्या समुद्रात तापलेलं जड तेल, असा रिवाज पुढे बरीच वर्षं चालला. कारण उघड आहे: जड तेल नळ्यांत असताना इंजिन थंड पडलं तर ते तिथेच गोठणार. आजही मोठ्या जहाजांवर जड इंधन शंभराहून अधिक अंशांपर्यंत तापवून, त्याचा दाटपणा १० ते १५ सेंटिस्टोकवर आणून मगच नोझलकडे धाडतात.

सुरुवातीला डिझेल, मग तापलेलं दाट तेल, बंद करण्याआधी पुन्हा डिझेल. हौशी लोकांनी मोटारीत जी दोन टाक्यांची पद्धत बसवली, ती ओळीनं ओळ हीच आहे. ती त्यांनी जहाजांवरून उचलली की आपापली शोधली, हा वाद निष्फळ. दाट तेलाशी झगडणारा कोणीही शेवटी इथेच पोचतो.

१९७३ला तेलाच्या किमती भडकल्या आणि कपाटातली टिपणं पुन्हा बाहेर आली. दक्षिण आफ्रिकेला तेल मिळेनासं होण्याची धास्ती होती. तिथल्या कृषी अभियंत्यांनी १९८०च्या सुमारास ट्रॅक्टरांत सूर्यफुलाचं तेल घालून पाहिलं. इंजिनं चालली, पण पुढे नोझलवर कार्बनची कणसं धरली. तेलावर रासायनिक क्रिया केली तेव्हा ती अडचण सुटली. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतल्या फार्गो इथे वनस्पती तेलांच्या इंधनावर मोठी परिषद भरली. तिथल्या निबंधांचा सूर साधारण एकच होता: थोडा वेळ चालवा, काही होणार नाही, शेकडो तास चालवा, इंजिन बसेल. ज्या इंजिनांत इंधन थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं त्यांची गत सर्वांत वाईट. सरकारं आणि कंपन्या तिथून रसायनाच्या वाटेनं गेल्या.

एक जर्मन अभियंता मात्र तेल बदलायला तयार नव्हता. पूर्वी युंकर्स कंपनीत काम केलेले लुडविग एल्सबेट यांनी बव्हेरियात इंजिनच तेलाच्या मापानं नव्यानं घडवलं. जळण पिस्टनच्या पोटात मधोमध होईल आणि भिंती थंडच राहतील अशी रचना केली. इंजिन नावाजलं गेलं, मोठ्या कंपन्यांनी मात्र ते उचललं नाही. एल्सबेट हे नाव पुढे टिकलं ते बाजारातल्या गाड्यांत बसवायच्या किटमुळे.

आता त्या किटांकडे येऊ, कारण या मागोव्यातला सगळ्यात मजेचा भाग गॅरेजमध्ये घडला. १९९०च्या दशकात अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत, इंग्लंडमध्ये हॉटेलांचं तळणीचं तेल फुकट मिळे. उलट नेणाऱ्याचे उपकारच मानले जात. आणि जुन्या मर्सिडीज मुबलक होत्या. १९७६ ते १९८५ या काळातली डब्ल्यू-१२३ घराण्यातली ३०० डी ही या मंडळींची लाडकी गाडी. तिच्यात बॉशचा दणकट, एका ओळीतला पंप होता. शिवाय इंधन थेट सिलिंडरात न पडता आधी एका छोट्या तापलेल्या कोठडीत पडे. अॅक्रॉइड स्टुअर्टचा तापला गोळा या कोठडीच्या रूपानं अजून जिवंत होता, असं म्हणायला हरकत नाही. जागा तापलेली आहेच, आता तेलही तापवायचं.

तापवायला जाळ कशाला हवा? इंजिनाला मिळालेल्या उष्णतेचा चौथा हिस्सा तरी रेडिएटरच्या पाण्यावाटे वाया जातो. ते ८० ते ९० अंशांचं पाणी दुसऱ्या टाकीकडे वळवायचं. डिकीतल्या टाकीत नळीचं वेटोळं, टाकीपासून पुढे तेलाची नळी गरम पाण्याच्या नळीच्या पोटातूनच नेलेली, फिल्टरभोवती गरम पाण्याचं कवच, पंपाशेजारी स्टीलच्या पत्र्यांचा उष्णता-विनिमयक आणि कुणाकुणाकडे त्यापुढे बारा व्होल्टचा छोटा विजेचा हीटर. तेल ७० अंशांच्या वर गेलं की डॅशबोर्डवरची कळ दाबायची. विद्युत झडप डिझेल तोडते आणि तेल जोडते. ८० अंशांच्या आसपास रेपसीड तेल बारा-चौदा सेंटिस्टोकपर्यंत उतरतं. डिझेलइतकं पातळ ते तेव्हाही होत नाही, पण पंपाला झेपतं. घरी पोचायच्या थोडं आधी कळ उलटी फिरवायची आणि नळ्या डिझेलनं धुऊन काढायच्या. हे विसरणाऱ्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ वाईट जाई.

धडे महाग होते. तांब्याच्या नळीचं वेटोळं सहज मिळे म्हणून बहुतेकांनी आधी तेच बसवलं. पण तापलेल्या तेलाला तांबं लागलं की ते लवकर खराब होतं, घट्ट चिकट थर धरतं. मग अॅल्युमिनियम आणि स्टील आलं. तळणीच्या तेलात पाणी असतं. ते बरेच दिवस निवळू दिलं नाही तर पंपाच्या पोलादाला गंज चढे. दाट तेल ओढताना नळ्यांत निर्वात पोकळी होई आणि सांध्यांतून हवा शिरे. ल्यूकस कंपनीचे लहान फिरते पंप थंड तेलाच्या ओझ्यानं तुटत, म्हणून इंग्लंडमधले लोक गाडी घेताना आधी पंपावरचं नाव वाचत. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीसकारसारख्या कंपन्यांनी २००० नंतर तयार संच विकायला काढले, आणि हौसेचा धंदा झाला.

धंदा दिसला की करवसुली येतेच. २००२ मध्ये दक्षिण वेल्समधल्या लानेल्ली भागात सुपरमार्केटमधल्या स्वस्त खाद्यतेलाचा खप अचानक वाढला, आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुराला बटाट्याच्या तळलेल्या कापांचा वास येऊ लागला. पोलिसांनी गाड्या अडवून तपासल्या. इंधनकर न भरता खाद्यतेल जाळणारे सापडले, दंड झाला. २००७ पासून ब्रिटननं वर्षाला २,५०० लिटरपर्यंतच्या वापराला कर माफ केला. जर्मनीत उलट झालं. तिथे रेपसीड तेलाला इंधन म्हणून रीतसर मानक मिळालं, सरकारनं २००१ ते २००५ या काळात शंभराहून अधिक ट्रॅक्टर त्यावर चालवून अभ्यास करवला. काही धडधाकट राहिले, काहींची इंजिनं दुरुस्तीला आली. त्यानंतर कराची सवलत टप्प्याटप्प्यानं काढून घेतली. शेतीपुरती ती राहिली, ट्रकवाले मात्र तेल सोडून गेले. अमेरिकेत पर्यावरण खात्यानं प्रमाणपत्राविना केलेला असा बदल बेकायदा ठरवला.

पण घाव घातला तो कायद्यापेक्षा यंत्रानं. १९९७ पासून कॉमन-रेल, म्हणजे एका सामायिक नळीतून सगळ्या नोझलांना इंधन पुरवण्याची पद्धत आली. तेराशे बार आणि पुढे त्याहून जास्त दाब, केसाहून बारीक छिद्रं, संगणकानं मोजून दिलेले फवारे. मग धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. तो साफ करायला इंजिन मध्येच जास्तीचं इंधन फवारतं. डिझेल असेल तर ते उडून जातं. खाद्यतेल सहज उडत नाही, वंगणात उतरतं आणि तिथे घट्ट होतं. जवसाचं तेल लाकडावर लावलं की त्याचा कडक पापुद्रा होतो, तीच रासायनिक क्रिया इथे इंजिनाच्या तळाशी होते. तापवल्यानं तेल पातळ होतं, त्याचा रेणू बदलत नाही. ऐंशी अंशांचं रेडिएटरचं पाणी इथे हतबल आहे.

भारतात हा प्रयोग गाडीत फारसा झालाच नाही, आणि ते बरंच झालं. इथे खाद्यतेल डिझेलपेक्षा स्वस्त नसतं, तळणीचं तेलही कोणी फुकट देत नाही. एका गाड्यावरून ते दुसऱ्या गाड्यावर जातं. पण स्थिर इंजिनावर एक चांगलं काम झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळी परिसरात करंजाच्या तेलावर जनरेटर चालवून विहिरींच्या पंपांना वीज दिली. करंज आपल्याकडे कोकणात नदीकाठी, देशावर रस्त्याकडेला भरपूर आहे. त्याचं कडू तेल पूर्वी दिव्यात जळे. राजकोटला बनणारी लिस्टर घाटाची, मिनिटाला ६५० फेऱ्यांची संथ इंजिनं अशा तेलाला बऱ्यापैकी साथ देतात. मग २००३च्या सुमारास नियोजन आयोगानं बायोडिझेलसाठी मोगली एरंडाचा ध्यास घेतला. डिझेलात वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचं २००९च्या धोरणातलं २०१७चं उद्दिष्ट कागदावरच राहिलं. करंजाचं शांत काम त्या गलबल्यात झाकोळलं याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा माझा निकाल असा: तापवलेलं तेल हे संथ, जाड हाडाच्या, एका जागी बसलेल्या इंजिनांचं इंधन आहे. गावच्या पाणीउपशाला, पिठाच्या गिरणीला ते आजही शोभेल. घरात किंवा हॉटेलात उरलेलं तळणीचं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून त्यासाठी व्यवस्था उभी केली आहे. अलीकडच्या डिझेल गाडीत मात्र ते कितीही गाळून, कितीही तापवून ओतू नका. पंप आणि नोझल बदलायचा खर्च त्या तेलात वाचलेल्या पैशांच्या कैक पट येतो.